पहिल्या दिवशी भरलेला कर

बँकेनं पाठवलेला मूल्यांकन करणारा माणूस सकाळी अकराला आला आणि बूट काढू का, असं विचारत दारातच थांबला. मी म्हटलं, "रहने दीजिए, आइए." त्यानं लवकर मोजावं आणि लवकर जावं एवढंच मला हवं होतं. त्याच्या कागदावर जो आकडा येईल त्यावर हे घर आमच्याकडे राहणार की जाणार ते ठरणार होतं. पंधरा दिवस मला जेवण गोड लागत नव्हतं. फोन वाजला की उचलण्याआधी मी नंबर दोनदा बघायचे.

घर देवास गेटच्या मागच्या गल्लीत आहे. आजोबा रेल्वेच्या नोकरीसाठी खानदेशातून उज्जैनला आले आणि निवृत्त होताना त्यांनी ते विकत घेतलं. मी अकरावीत गेले त्या वर्षी आम्ही आईच्या शाळेजवळ एका लहान घरात राहायला गेलो आणि इथे किरायेदार ठेवले. आमच्या मराठीत भाडेकरू हा शब्द नाहीच, किरायेदारच. खालच्या दोन खोल्यांत तेव्हापासून चाची राहतात. त्या आमच्या नात्यातल्या नाहीत. भैरवगढच्या छापाचं कापड आणून त्या त्याच्या पिशव्या आणि उशांचे अभ्रे शिवतात आणि महाकालच्या वाटेवरच्या दुकानांना देतात.

दोन वर्षांपूर्वी पत्र्याखालचं एक कुजलेलं लाकूड चाचींच्या शिलाई मशीनवर पडलं. चाची तेवढ्यात नळावर गेल्या होत्या म्हणून वाचल्या. बाबा ते लाकूड बघायला आले आणि त्याच्या शेजारीच खाली बसले. त्यांनी आयुष्यभर छापखान्यात खिळे जुळवले होते, पुढे संगणक आल्यावर प्रूफं तपासली होती, आणि किरायेदारांच्या हक्कांवरची पत्रकं स्वतःच्या हातानं छापून वाटली होती. त्यांच्याच किरायेदाराच्या डोक्यावर छप्पर पडता पडता राहिलं होतं. आठ दिवसांत त्यांनी ठरवलं: पत्रा काढायचा, स्लॅब टाकायचा, वर दोन नव्या खोल्या काढायच्या, दोन्ही मजल्यांवर न्हाणीघरं करायची.

त्यासाठी एका फायनान्स कंपनीकडून कर्ज काढलं. बँक ढीगभर कागद मागत होती, कंपनीनं घराची रजिस्ट्री, म्हणजे खरेदीखत, तेवढं मागितलं आणि चार दिवसांत पैसे दिले. बाबांना ते सोयीचं वाटलं. मलाही वाटलं. काम उत्तम झालं, वरच्या खोल्यांत दोन नर्स राहायला आल्या, आणि मग कंपनीनं व्याज वाढवलं. परत वाढवलं. दोन हप्ते चुकले आणि पत्र आलं: महिनाअखेर थकबाकी आली नाही तर घरावर कारवाई. हे कर्ज फेडून स्वतःकडे घ्यायला एक बँक तयार होती. व्याज कमी, मुदत लांब. पण बँक मूल्यांकनातल्या किमतीचा ठरावीक हिस्साच देणार होती. म्हणून तो माणूस आला होता.

त्याच्या हातात एक छोटं यंत्र होतं. भिंतीवर लाल ठिपका पडायचा आणि खोलीची लांबी पडद्यावर यायची. चाचींच्या खोलीत बाबा आणि मी बोलत होतो, ते ऐकून तो वळला. "अरे, मराठी का तुम्ही? मी इंदूरचा." मग त्याचा आवाजच बदलला. स्लॅबकडे बघून म्हणाला, "काम छान झालंय. ठेकेदार कोण होता? मला नंबर द्या." मला थोडं बरं वाटलं. वर जाऊन आला, न्हाणीघरांच्या फरशा बघितल्या, नळ सोडून बघितले.

"ठीक. आता चालू वर्षाची संपत्तीकराची पावती द्या."

बाबा खुर्चीत ताठ बसले. "आम्ही पहिल्या दिवशी भरतो," ते म्हणाले. "एप्रिलच्या पहिल्या दिवशी. दर वर्षी."

हे खरं होतं. बाबांनी तरुणपणी एक पत्रक जुळवलं होतं, जो कर भरत नाही त्याला नळाला पाणी का नाही असं विचारायचा अधिकार नाही, अशा आशयाचं. ते त्यांनी मनावर घेतलं. पूर्वी ते सकाळी निगमच्या, म्हणजे महापालिकेच्या, खिडकीसमोर पहिला नंबर लावत. पुढे सगळं संगणकावर आलं आणि ते काम माझ्याकडे आलं. पावती निघाली की ते ती दोन्ही हातांत धरून क्रमांक मोठ्यानं वाचत, खाली सही करत आणि फाइलला लावत.

मूल्यांकन करणाऱ्यानं पावती वाचली. उलटून मागं काही आहे का बघितलं. मग म्हणाला, "ताई, ही याच घराची ना?"

"याच घराची."

"यावर पत्र्याचं छत आहे. एकच मजला आहे. आणि उपयोगात लिहिलंय, स्वतः राहतात."

शिलाई मशीनचा आवाज थांबला. चाची आमच्याकडे बघत होत्या.

ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडे संपत्तीकर, म्हणजे घरपट्टी, मालकानं स्वतःच ठरवून भरायचा असतो. किती बांधकाम, कसलं छत, स्वतः राहता की भाड्यानं दिलंय, हे सगळं मालक लिहितो आणि त्यावरून कर निघतो. मालक स्वतः राहत असेल तर कर जवळपास अर्धा. निगम तुमच्या शब्दावर विश्वास ठेवतं. बँक ठेवत नाही, ती लाल ठिपकेवाला माणूस पाठवते.

"घाबरू नका," तो म्हणाला. माझ्या चेहऱ्यावर दिसलं असणार. "बँकेला घर मोठं दाखवायचं आणि निगमला लहान, हे सगळेच करतात. पण लोक निदान मजले तरी सारखे ठेवतात हो."

बाबा हसले नाहीत.

"आपल्यातले आहात म्हणून सांगतो," त्यानं आवाज खाली आणला. "मी भाड्याचं लिहिलं तर बँक विचारणार, पावतीवर वेगळं का? फाइल अडकणार. त्यापेक्षा मी लिहितो, स्वतः राहतात. पावतीशी जुळेल, साध्या घरकर्जात बसेल, व्याजही कमी लागेल. मजल्याचं मी बघतो, काम नुकतंच झालंय म्हणून टाकतो. फक्त परवा बँकेचा एक माणूस नजर टाकायला येईल. तेव्हा ह्या…" त्यानं चाचींकडे मान वळवली.

चाचींना मराठी बोलता येत नाही, पण इतक्या वर्षांत कळतं सगळं. "मैं कह दूँगी मौसी हूँ," त्या म्हणाल्या. "मशीन समेत आई हूँ, महीना भर रहूँगी।"

"और ऊपर वाली दोनों?" मूल्यांकन करणाऱ्यानं विचारलं.

"वो मेरी भांजियाँ।"

आम्ही सगळे हसलो. मीही हसले. हसता हसता मी चाचींच्या कापडाच्या गठ्ठ्यावर बसले. उद्या संध्याकाळपर्यंत सांगतो, असं बाबांनी त्याला सांगितलं आणि तो गेला.

आता माझं सांगते. मी पत्रकांवर वाढले. आमच्या घरी अक्षरओळख पुस्तकातून झाली नाही, छापखान्यातून आलेल्या रद्द प्रतींवरून झाली. मोठी झाल्यावर मी स्वतः पत्रकं लिहू लागले आणि या घटनेच्या तीन आठवडे आधी माझं सगळ्यात गाजलेलं पत्रक निघालं होतं. विषय होता आमच्याच भागातली लॉजं. यात्रेकरूंना खोल्या भाड्यानं द्यायच्या आणि निगमच्या फॉर्मवर मात्र लिहायचं की मालक स्वतः राहतो. मी त्याला चोरी म्हटलं होतं. दुसरा कुठला शब्द वापरू नये असं मला वाटलं होतं. शेवटी मागणी केली होती की प्रत्येक घरमालकानं कराच्या फॉर्मवर काय लिहिलंय ते वार्डाच्या बोर्डावर लावा, म्हणजे लोकच तपासतील.

पोह्याच्या ठेल्यांवर ते पत्रक चिकटवलं होतं. चहावाल्यांनी ते वाचून दाखवलं होतं. आणि त्या बोर्डावर, तो कधी लागलाच असता तर, आमचंही घर असतं. चोरांच्या रांगेत, खाली बाबांची सही.

आणि तो फॉर्म भरला कोणी होता? मी. ज्या वर्षी आम्ही घर सोडलं त्याच वर्षीपासून मीच भरत आले. बाबा जुनी पावती हातात द्यायचे आणि म्हणायचे, "मागच्यासारखंच." संगणकावर मागच्या वर्षीची माहिती आधीच भरलेली यायची. मी खाली जाऊन हिरवं बटण दाबायचे. आमची सगळी घाई पहिला दिवस चुकू नये याची. काय भरतोय ते आमच्यापैकी कोणीच वाचलं नाही. वरचा मजला बांधला त्या वर्षीही नाही.

त्या दुपारी मी गल्लीतून बाहेर पडले तर कोपऱ्यावर एका लॉजचे मालक उभे होते. पत्रकात मी कोणाचं नाव घेतलं नव्हतं, पण त्यांना आपलं वाटलं असणार. कधी नव्हे ते त्यांनी हाक मारली.

"बिटिया, आपका पर्चा पढ़ा। बहुत सही लिखा। बोर्ड पर सबका लगना चाहिए, मैं तो राज़ी हूँ।"

"अच्छी बात है, अंकल।"

"आपका भी तो मकान है इसी गली में। नंबर क्या है?"

मी नंबर सांगितला. विचारलेल्या प्रश्नाचं खरं उत्तर द्यायची सवय. तोंडातून निघून गेल्यावर मला आठवलं, घराचा नंबर टाकला की कोणाच्याही कराची माहिती कोणालाही मोबाइलवर बघता येते. ते पत्रकात मीच समजावून लिहिलं होतं. त्यांनी मान डोलावली आणि पानाचा तोबरा सांभाळत म्हणाले, "बढ़िया।" त्यांनी नंतर बघितलं की नाही, मला आजही माहीत नाही. त्या दिवशी मात्र घरी पोचेपर्यंत मी तीनदा मागे वळून बघितलं.

बाबा ओट्यावर बसले होते. मी चप्पल काढायच्या आत म्हणाले, "त्याला फोन कर. लिही म्हणावं, स्वतः राहतात."

"बाबा, ते खोटं आहे."

"खरं काय नि खोटं काय ते मला शिकवतेस? तू जन्मायच्या आधीपासून…" ते थांबले. मग म्हणाले, "महिनाअखेरीला नऊ दिवस आहेत. घर गेलं तर चाची कुठे जाईल? तुझं पत्रक पांघरून झोपेल?"

"आणि पकडले गेलो तर?"

"उरलेली पत्रकं कुठे आहेत?"

"पलंगाखाली."

"ती वाटू नकोस."

मी बाबांना चिडलेलं पाहिलं होतं. पोलिसांनी त्यांच्या हातातला गठ्ठा हिसकावला तेव्हा ते हसले होते, तेही मी पाहिलं होतं. घाबरलेलं मी त्यांना पहिल्यांदा पाहत होते. त्यांचा अंगठा पायजम्याच्या शिवणीवरून पुन्हा पुन्हा फिरत होता. आपण घाबरलो तर वडिलांच्या मागे उभं राहता येतं. ते घाबरले तर उभं राहायला जागाच राहत नाही.

आई वह्या तपासत होती. मान वर न करता म्हणाली, "दुसऱ्याची पत्रकं छापताना प्रूफ तीनदा वाचता. हा फॉर्म दोघांपैकी एकानंही एकदा वाचला नाही. कमाल आहे."

बाबा उठून आत गेले.

मी तत्त्वासाठी खरं बोलले, असं लिहायला मला आवडलं असतं. पण मी त्या संध्याकाळी मूल्यांकन करणाऱ्याचा नंबर दोनदा काढला. पहिल्यांदा त्याला हो सांगायला. माझं बोट थांबलं ते चांगुलपणानं नाही. मला ते लॉजचे मालक दिसत होते, बोर्डासमोर उभे, आमचा नंबर बोटानं दाखवत. आतापर्यंतचं खोटं न वाचता झालं होतं. आता लिहून दिलं तर ते वाचून, समजून होणार होतं, आणि त्यासाठी चाचींना माझी मावशी व्हावं लागणार होतं. दुसऱ्यांदा नंबर काढला तेव्हा मी त्याला म्हटलं, "जसं आहे तसं लिहा."

तो म्हणाला, "ताई, बाबांना विचारलंत?"

"नाही."

"मग विचारा. मी सकाळपर्यंत रिपोर्ट पाठवत नाही."

सकाळी मी बाबांना सांगायला गेले तर ते इस्त्रीचा सदरा घालून टेबलाशी बसले होते. समोर सगळ्या पावत्या वर्षवार लावल्या होत्या, आणि प्रत्येकीवर 'स्वतः राहतात' या शब्दांखाली पेन्सिलीनं रेघ मारलेली. प्रूफात चूक सापडली की ते तशीच रेघ मारत.

"मी त्याला खरं लिहायला सांगितलंय," मी म्हटलं.

"सगळ्यांवर माझी सही आहे," बाबा म्हणाले. "चल."

निगमच्या झोनल दफ्तरात रांग नव्हती. मला हवी होती. रांग असती तर अजून थोडा वेळ मिळाला असता. खिडकीतल्या बाबूनं बाबांना ओळखलं. "बाबूजी, आप? अप्रैल तो कब का निकल गया।"

"इस बार भरने नहीं, सुधारने आया हूँ।"

बाबूनं पावत्या चाळल्या आणि आजूबाजूला बघितलं. "रहने दीजिए ना," तो हळू आवाजात म्हणाला. "किसी ने पूछा है क्या? सर्वे में निकलेगा तब देखेंगे। अभी सुधारेंगे तो पिछले सब सालों का फर्क लगेगा, ऊपर से दंड। फर्क से कई गुना।"

"कितना?"

"वो तो नापने के बाद। सबसे पहले आते थे आप, और…" त्यानं वाक्य सोडून दिलं.

"हर साल पहले आया," बाबा म्हणाले, "हर साल गलत आया।"

फॉर्म हातानं भरायचा होता. बाबांनी मला प्रत्येक रकाना मोठ्यानं वाचायला सांगितला. मी वाचत गेले, ते लिहीत गेले. मजले, दोन. छत, पक्कं. उपयोगाच्या रकान्याशी त्यांनी पेन उचललं आणि मला वाटलं ते आता उठून बाहेर जातील. मला वाटलं त्यांनी जावं. त्यांनी लिहिलं: किराये पर. बाबूनं शिक्का मारला आणि दुरुस्तीचा अर्ज मिळाल्याची पोच दिली.

पुढचे आठ दिवस नीटसे आठवत नाहीत, भीतीच तेवढी आठवते. निगमचा माणूस टेप घेऊन आला आणि त्यानंही घर मोजलं. त्याचा आकडा आणि लाल ठिपक्याचा आकडा थोडा वेगळाच आला, पण मजले जुळले. फरकाची आणि दंडाची नोटीस आली. इंदूरला पुढचं शिकायला जायचं म्हणून मी जे साठवलं होतं, ते तिथे गेलं. मूल्यांकनाचा आकडा कर्जाला पुरला; बँकेनं कर्ज भाड्याच्या घराचं म्हणून धरलं, व्याज थोडं जास्त लावलं आणि बाबांचं वय बघून माझी सही सहकर्जदार म्हणून मागितली. मी सही केली. कागदावर मुदत वाचली आणि ती संपेल तेव्हा माझं वय काय असेल ते मोजायचा मोह टाळला. बँकेचा धनादेश कंपनीच्या दफ्तरात महिनाअखेरीच्या आदल्या दिवशी पोचला. घर राहिलं. उरलेली पत्रकं मी वाटली. वाटताना कोणी "नंबर क्या है?" विचारेल म्हणून प्रत्येक चेहऱ्याकडे बघत होते. कोणी विचारलं नाही.

बँकेला आता किरायानामा हवा होता, लेखी. इतक्या वर्षांत चाचींशी आमचा एकही कागद नव्हता. मी कोरा कागद घेऊन त्यांच्या खोलीत गेले. त्यांनी मशीनवरचं कापड बाजूला सारलं, हात पुसले आणि माझ्या समोर बसल्या.

"बिटिया, किराया कितना लिखोगी?"

"जो अभी है।"

"और अगले साल?"

नवा कर आता पुरा लागणार होता, हप्ता तर होताच. मला खरंच माहीत नव्हतं. चाची माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिल्या. ती नजर माझ्या ओळखीची होती. महिनाभर मी फोनकडे तशीच बघत होते.

"पता नहीं, चाची."

"तो ये भी लिख दो," त्या म्हणाल्या. "कि पता नहीं। कि बैठकर पूछोगी, फिर बढ़ाओगी।"

मी ते लिहिलं. त्यांनी मला ते दोनदा वाचून दाखवायला लावलं, आणि मगच सही केली.